गुरू उकळतोय, चंद्र तिकोनी येतायत. कॅमेरा बदलू की जागा?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी, आतापर्यंत वाचनमात्र होतो, आता गाडी अडली म्हणून धागा काढतोय. पुण्यात कोथरूडला राहतो, आठ इंची डॉब (फिरत्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे एफ/६ वाला, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या सहापट, सोबत २.५ एक्स बार्लो (चित्र मोठं करणारं भिंग) आणि एएसआय ६६२ एमसी कॅमेरा. गो-टू (आपोआप ग्रह शोधणं) नाही, ट्रॅकिंग (आपोआप मागे फिरणं) नाही, हाताने ढकलायचं, गुरू स्क्रीनच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाईपर्यंत रेकॉर्ड करायचं आणि परत ढकलायचं. शार्पकॅपवर व्हिडिओ, मग पिपमध्ये तुकडे जोडून गुरू मधोमध आणायचा, ऑटोस्टॅकर्टमध्ये स्टॅक (चांगल्या फ्रेम एकावर एक रचणं), शेवटी रजिस्टॅक्सचे वेव्हलेट (चित्राला धार काढणं). म्हणजे यूट्यूबवर सगळे सांगतात तेच आणि त्याच क्रमाने.

तर १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणं) झाली, त्याच्या आधीपासून मी मागे लागलोय आणि आता मार्च उजाडला. फोटो म्हणाल तर दोन पट्टे, कधीतरी तांबड्या डागाच्या जागी एक मातकट पुसट काहीतरी, आणि बिंबाची कड सतत अशी उकळत असते की फोकस झालाय का नाही तेच कळत नाही. फोकसर केसभर पुढे घेतला की वाटतं हां आता जमलं, तोवर परत गेलं. चंद्रांचं तर विचारूच नका, आयो आणि युरोपा गोल यायला हवेत तर माझ्याकडे ते तिकोनी येतात आणि वेव्हलेट जरा ओढले की मधे भोक पडतं. याच साइझच्या दुर्बिणीतून लोकांनी काढलेली आयोची सावली बघतो, काळीकुट्ट, गोल, आणि मग माझा फोटो उघडावासाच वाटत नाही.

आकाशाचं म्हणाल तर यंदा थंडी चांगली होती, रात्री एकदम स्वच्छ, तारे टकाटक लुकलुकत असायचे, त्यामुळे आकाशात खोट नाही असं धरून चाललोय. अडचण एकच, सोसायटीत गच्चीची किल्ली रात्री अकराला परत द्यावी लागते त्यामुळे माझं सगळं काम साडेआठ ते पावणेअकरा.

मोनो (कृष्णधवल) कॅमेरा घेऊ का, की ३ एक्स बार्लो, की दर शनिवारी मुळशीकडे अंधारात जाऊ, की हे सगळं आठ इंचाच्या आवाक्यातलंच नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_भिंगं

काहीही विकत घेऊ नका, निदान पुढच्या अमावस्येपर्यंत तरी नाही.

तारे टकाटक लुकलुकत होते म्हणता ना, मग आकाशातच खोट होती. लुकलुक म्हणजे हवा हलतेय. तेजोमेघ आणि दीर्घिका काढणाऱ्यांना काळंभोर पारदर्शक आकाश लागतं, ग्रहवाल्यांना लागतं स्थिर आकाश, आणि हे दोन्ही एका रात्री बऱ्याचदा मिळतच नाही. उत्तरेत वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) येऊन गेला की मागून आपल्याकडे कोरडे गार वारे सुटतात, धूळ निघून जाते, लोक म्हणतात काय सुंदर आकाश आहे, आणि दुर्बिणीला डोळा लावावा तर गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या रुपयासारखा दिसतो. उलट जरा धुरकट, वारा पडलेला, तारे मंद आणि गप्प अशी रात्र असली की लोक घरात बसतात, त्या रात्री तुम्ही दुर्बीण बाहेर काढा. मुळशीचा बेतही रद्द करा, गुरू इतका तेजस्वी आहे की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याचं काही बिघडत नाही, कर्वे रोडवरूनही उत्तम येतो.

आता हवा नेमकी कुठे हलतेय ते शोधा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. गुरूच्या शेजारीच पुनर्वसूचे दोन तारे आहेत, त्यातला जास्त तेजस्वी घ्या, बार्लो कॅमेऱ्यासकट तसाच राहू द्या आणि फोकस मुद्दाम बाहेर काढा. ताऱ्याची मोठी चकती होईल, मधे छोट्या आरशाची काळी सावली. दोन मिनिटं नुसतं बघत बसा, रेकॉर्ड बिकॉर्ड काही नको. चकतीतून बारीक रेषा एकाच दिशेने भराभर सरकत असतील तर ते वरचं वारं, दहा-बारा किलोमीटरवरचं, त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही, दुर्बीण झाका आणि झोपा. संथ वळवळ असेल आणि चकतीच्या एका कडेला फुगवटा येत-जात असेल तर ते नळीच्या आतलं, आरसा अजून गरम आहे. आणि चकतीचा आकार ठीक पण सगळीच्या सगळी इकडेतिकडे उड्या मारतेय तर बहुतेक गच्ची.

पुण्यात जानेवारीत दुपारी ३० आणि पहाटे १०-१२, असं तापमान पडत असताना दोन-अडीच सेंटिमीटर जाड काच त्याच्या मागे धावत राहते आणि तिला ते कधी गाठता येत नाही. दुर्बीण संध्याकाळी सूर्य कलल्याबरोबर बाहेर सावलीत नेऊन ठेवा, आरशामागे पंखा लावा. गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि मध्यरात्रीपर्यंत परत देत बसतो, म्हणजे तुमची ती साडेआठ ते पावणेअकराची वेळ नेमकी सगळ्यात वाईट. किल्लीचं जमत नसेल तर सरळ खाली या. सोसायटीत कुठे हिरवळ असेल, माती असेल, तिथे मांडा. एसीच्या बाहेरच्या डब्यांवरून किंवा सोलर हीटरवरून नेम धरू नका म्हणजे झालं.

आणि तिकोनी चंद्र! ते हवेमुळे नाही. हवेने चंद्र सुजतो, नाचतो, पण दर वेळी त्याच तीन दिशांना टोकं काढत नाही. मुख्य आरसा तीन क्लिपांनी धरलेला असतो, कारखान्यातून त्या करकचून आवळलेल्या येतात आणि काच चिमटली जाते. नळीच्या मागून आरशाचा सेल (आरसा धरणारी चौकट) काढा, क्लिपा इतक्याच सैल करा की खाली साधा कागद सरकेल. आरसा खुळखुळायला नको पण दाबलेलाही नको. नंतर कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) परत करावं लागेल, ते लेझरवर सोडून देऊ नका, शेवटचं ताऱ्यावर करा.

एक सवय लावून घ्या. फोकस, कोलिमेशन, हवा, काहीही तपासायचं असलं की गुरूकडे बघू नका, चंद्रांकडे बघा. गुरूच्या पट्ट्यांवर डोळा फसतो, पुसट असले तरी मेंदू भरून काढतो. आयो सव्वा आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आतबाहेर, गॅनिमिड पावणेदोनच्या आसपास. हे दोघं शेजारी असताना लहान-मोठे दिसले तर रात्र चांगली आहे, दोघंही सारखेच फुगलेले दिसले तर व्हिडिओ काढून हार्ड डिस्क भरू नका. स्वल्पविरामासारखी शेपटी आली तर कोलिमेशन, तिकोनी म्हणजे क्लिपा. चार फुकटचे तपासनीस दिलेत गुरूने.

भावा_ढग_आले

क्लिपांचं एकदम बरोबर, माझ्या दहा इंचीला हाच रोग होता. पंख्यासाठी कुठं जाऊ नगा, जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा काढा, रबराच्या तुकड्यांवर बसवा म्हणजे थरथर जात नाही, पॉवर बँकवर लै वेळ चालतो. व्हिडिओ घेताना बंद केला तरी चालतंय. कोल्हापुरात आमच्या गल्लीत एक ऊस-रसाचं गुऱ्हाळ आहे, त्याच्या धुराड्यावरनं शनी काढायचा प्रयत्न केलाय, त्याचे फोटो इथं टाकत नाही.

पिक्सेल_मोजणी

जुनी_भिंगं यांच्याशी बहुतेक सहमत, फक्त कॅमेऱ्याकडची बाजू राहिली म्हणून लिहितो.

६६२ चा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. ग्रहांसाठी साधा हिशोब असा की एफ आकडा पिक्सेलच्या पाचपट झाला की पुरे, म्हणजे एफ/१४.५. तुमचं ६ गुणिले २.५ म्हणजे एफ/१५, आत्ताच काठोकाठ भरलंय. ३ एक्स घेतलात तर एफ/१८ होईल, चित्र मोठं आणि अंधुक, डिटेल एक कणही जास्त नाही. २०३ मिलिमीटरच्या आरशाची ताकद अर्ध्या आर्कसेकंदाच्या थोडी वर आणि तुमचा एक पिक्सेल आत्ताच ०.२ आर्कसेकंदाचा आहे, त्याहून बारीक दळून पीठ मिळत नाही. हवा मध्यम असेल तर मी तर २ एक्सच लावतो, एफ/१२, एक्सपोजर कमी करता येतं.

एक्सपोजर किती ठेवता ते तुम्ही लिहिलंच नाही आणि सगळा खेळ तिथेच आहे. ८ ते १० मिलिसेकंदांच्या वर जाऊ नका, हिस्टोग्राम निम्म्याच्या थोडा वर आला की बास, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) कितीही चढू दे, चित्र दाणेदार दिसेल त्याची काळजी नको कारण हजारो फ्रेम एकावर एक टाकल्या की दाणे जातात. हवा गोठलेली मिळणं हे मिलिसेकंदांचं काम आहे. सेकंदाला शंभरेक फ्रेम, त्यातल्या चांगल्या दहा-पंधरा टक्केच ठेवायच्या. हवा वाईट असेल तर पन्नास टक्के ठेवून काही सुधारत नाही, उलट चिखल होतो.

ट्रॅकिंग नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. गुरू सेकंदाला सुमारे १४ आर्कसेकंद सरकतो, १० मिलिसेकंदांत ते ०.१४ झालं, म्हणजे एका पिक्सेलच्या आत. ट्रॅकिंग नसण्याने फोटो पुसट होत नाही, फक्त तुमची दमछाक होते.

मोनो कॅमेऱ्याबद्दल: ट्रॅकिंग नसलेल्या डॉबवर फिल्टर बदलत बसायचं असेल तर शुभेच्छा.

एका मुद्द्यावर मात्र वेगळं मत. गच्ची, स्लॅब वगैरे सगळं खरं पण जानेवारी-फेब्रुवारीत वरचं वारं हाच मोठा व्हिलन असतो. हिवाळ्यात जेट स्ट्रीम उत्तर भारतावर असते आणि तिची दक्षिणेकडची झालर अधूनमधून आपल्यापर्यंत उतरते. विंडी या हवामानाच्या साइटवर २५० हेक्टोपास्कलची पातळी लावून बघा, पुण्यावर रंग गडद दिसला तर गच्ची काय आणि हिरवळ काय. मीटिओब्लूवर सीइंगचं, म्हणजे हवा किती स्थिर आहे त्याचं, वेगळं पान आहे, तेही बघा, पण तारा बघणं त्याहून भरवशाचं.

जुनी_भिंगं

जेट स्ट्रीम असते हो, कोण नाही म्हणतंय. पण गेली कित्येक वर्षं बघतोय, ज्याचा फोटो बिघडतो तो आधी जेट स्ट्रीमला शिव्या घालतो कारण ती लांब आहे. पंख्याचा खर्च दोनशे रुपये, तो आधी करा, मग वर बघा.

खारा_वारा

रत्नागिरीहून. वरची सगळी चर्चा घाटावरच्या हवेची चाललीय म्हणून कोकणातलं थोडं.

आमच्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात तुमच्याइतका फरक पडत नाही, त्यामुळे आरसा लवकर जागेवर येतो, मला पंख्याची गरज पडत नाही. संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा येत असतो तोवर चित्र आश्चर्य वाटावं इतकं शांत असतं, कारण पाण्यावरून येणाऱ्या हवेला वाटेत ना डोंगर ना इमारत. मात्र दुर्बीण अगदी किनाऱ्याजवळ हवी, भाट्याला वाळूच्या कडेला मांडतो तसं. तेच वर सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) गेलात तर जांभा दिवसभर तापलेला असतो आणि तुमच्या स्लॅबचीच आवृत्ती तिथे बघायला मिळते. रात्री उशिरा वारा फिरतो, मतलई सुरू होतो, तो जमिनीवरून येतो आणि गुरू लगेच नाचायला लागतो. त्यामुळे माझा नियम असा की वारा फिरला की आवरायचं. घाटावरचे लोक म्हणतात मध्यरात्रीनंतर बघा, आमच्याकडे उलट.

आता याची किंमतही सांगतो नाहीतर सगळे शनिवारी इकडे यायचे. दव इतकं पडतं की छोटा आरसा तासाभरात पांढरा होतो, आणि खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, आरशाचं कोटिंग खराब होतं, भिंगांवर बुरशी चढते. घरी आल्यावर सगळं पंख्याखाली सुकवून मगच झाकण लावायचं, तेसुद्धा सिलिका जेलची पुडी टाकून. काम फार आहे हो. पण फेब्रुवारीतल्या एका धुरकट संध्याकाळी गॅनिमिडची सावली गुरूवरून जाताना बघितली, ढकलत ढकलत अडीच तास, तेव्हा डोळ्यालासुद्धा सावली वाटोळी आणि काळी दिसत होती, आणि मागून येणाऱ्या आयोपेक्षा ती मोठी आहे हे स्पष्ट कळत होतं. माझी दुर्बीण सहा इंची आहे.

चौथा_मजला

बापरे, इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती, सगळ्यांना दंडवत. एक्सपोजर मी २५ मिलिसेकंद ठेवत होतो, गेन कमी राहावा म्हणून. बाकी आज आरसा काढून क्लिपा बघतो.

एक शंका आहे. आता मार्चात साडेआठ-नऊला गुरू बरोबर डोक्यावर येतो, तिथे डॉब ढकलायला गेलं की नळी सरळ उभी असते आणि डावी-उजवी हलायलाच तयार नसते, गुरू दोन सेकंदांत गायब होतो. यावर उपाय काय? आणि ते एडीसी म्हणून जे विकतात ते घ्यावं का?

पिक्सेल_मोजणी

डोक्यावर डॉब चालत नाही, सगळ्यांचंच होतं, त्याला डॉबचं भोक म्हणतात. गुरूची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सध्या २२-२३ अंश उत्तर, पुणं १८.५ वर, म्हणजे सगळ्यात वर असताना तो ८५-८६ अंशांवर पोचतो. दोन तास थांबा, साठच्या आसपास उतरला की आरामात ढकलता येतो आणि हवेचा थरही अजून पातळच असतो. तुमच्या किल्लीच्या वेळेत नाही बसत पण तुम्ही तसेही खाली येणार आहात.

एडीसी या हंगामात नको. ग्रह खाली असला की हवा प्रिझमसारखी वागते, वर निळी कड आणि खाली लाल, त्यासाठी ते. साठ-सत्तर अंशांवर तुम्हाला फरक कळणारही नाही. पैसे शिल्लक ठेवा.

थेम्सकाठी

लंडनहून वाचतोय आणि जळफळाट होतोय. ८६ अंश म्हणे! इथे ५१.५ अक्षांशावर गुरू यंदा साठापर्यंत चढला म्हणून लोक नाचतायत. २०१९-२० मध्ये तो धनूकडे होता तेव्हा इथून सोळा-सतरा अंशांच्या वर येतच नव्हता, शेजाऱ्याच्या धुराड्याच्या पातळीला. त्या वर्षांत एडीसी नसेल तर गुरूला इंद्रधनुष्याची किनार. आणि डोक्यावर जेट स्ट्रीम कायमची मुक्कामाला. ग्रहांचे फोटो काढणारा डेमियन पीच इथलाच, पण त्याने गाजलेले बरेचसे फोटो बार्बाडोसला दुर्बीण घेऊन जाऊन काढले, उगाच नाही.

तसाच दुसरा, ख्रिस्तोफर गो, फिलिपिन्समध्ये सेबूला, साधारण दहा अंश उत्तरेला, भर शहरात राहतो. २००६ च्या फेब्रुवारीत गुरूवरचं एक पांढरं वादळ तांबडं झाल्याचं पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं, अकरा इंची दुर्बिणीतून. म्हणजे अंधार लागत नाही, महागडी वेधशाळा लागत नाही, विषुववृत्ताजवळचं शांत आकाश मात्र लागतं, आणि त्या हिशोबात पुणे-मुंबईवाले आमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. फक्त चार महिने पाऊस खातो एवढंच. सुट्टीवर आलो की डोंबिवलीत गच्चीवर मामाच्या जुन्या चार इंचीतून बघतो आणि इथल्या माझ्या आठ इंचीपेक्षा बरं दिसतं कधीकधी, खोटं नाही सांगत.

सोनचाफा_सिंगापूर

थेम्सकाठी, विषुववृत्ताजवळ राहून बघा, ढग किती असतात ते. पण ढगांच्या मधून मिळतं ते सोन्यासारखं, हे मान्य.

मला चंद्रांबद्दल लिहायचंय कारण त्यावर कोणी फारसं सांगत नाही. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, बिंबाच्या मधोमध मिनिटाला जवळजवळ पाव आर्कसेकंद सरकतो, म्हणून आठ इंचीला दोन-अडीच मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ एकत्र करू नये, केला तर डिटेल पसरतो. यापुढे जायचं तर विनज्युपॉस या सॉफ्टवेअरमध्ये डिरोटेशन. इथपर्यंत सगळ्या ट्यूटोरियलमध्ये असतं. गोची अशी की डिरोटेशन गुरूचा पृष्ठभाग मागे फिरवतं, चंद्र त्या पृष्ठभागाला चिकटलेले नाहीत. आयो गुरूच्या समोरून जाताना मिनिटाला साधारण एक तृतीयांश आर्कसेकंद सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या निम्म्या रुंदीहून जास्त. मग फोटोत पट्टे कातरल्यासारखे सुरेख आणि आयो लांबुळका, त्याची सावलीही लांबुळकी. लोक मग म्हणतात सीइंग वाईट होतं. नव्हतं.

मी अशा रात्री तीसेक सेकंदांचा एकच तुकडा फक्त चंद्र आणि सावलीसाठी वेगळा स्टॅक करते, आणि गुरूचं चित्र सगळे तुकडे डिरोटेट करून वेगळं, मग चंद्र जिथे मधल्या वेळेला होता तिथे नेऊन बसवते. याला कोणी लबाडी म्हणेल, म्हणू दे, वेळ लिहिलेली असली की झालं. चंद्र गुरूपासून लांब बाजूला असला की तो आपल्या दिशेने किंवा उलट जात असतो, आडवा फार सरकत नाही, तेव्हा हे काही करावं लागत नाही.

वेव्हलेटही चंद्रांना वेगळे. गुरूसाठी ओढलेली धार चंद्रांना लावली की ते भोक पडतंच, चौथा_मजला यांना पडतंय तसं. गॅनिमिड म्हणजे तुमच्या सेटपला आठ-नऊ पिक्सेलांचा गोल आहे, त्यात एखादा गडद डाग दिसला तर लगेच फेसबुकवर टाकू नका, त्याच रात्रीच्या दुसऱ्या व्हिडिओत त्याच जागी आहे का बघा. आणि कॅलिस्टो अंधुक आला तर घाबरू नका, तो खरोखरच बाकी तिघांपेक्षा बराच काळपट आहे.

प्रतियुतीनंतर सावली चंद्राच्या मागून येते, आधी चंद्र बिंबावर शिरतो, मग सावली. त्यामुळे आत्ता वेळ गाठायची असेल तर चंद्र शिरताना दिसला की सेटप तयार ठेवा, सावली यायची आहे. आणि हो, दर सहाएक वर्षांनी चंद्र एकमेकांना झाकतात, एकमेकांवर सावली टाकतात, मागे २०२१ मध्ये झालं होतं, आता २०२६-२७ चा हंगाम आहे. आठ इंचीला आयो युरोपाला गिळताना काढणं अशक्य नाही, पण तेव्हा आकाश खरंच गप्प हवं.

चौथा_मजला

अपडेट देतो. क्लिपा खरंच करकचून होत्या, त्यातल्या एकीखालचा रबर तर चपटा होऊन काचेला चिकटला होता. सैल केल्या, कोलिमेशन पुनर्वसूच्या ताऱ्यावर केलं, तिकोनीपणा गेला. पंखा भावांनी सांगितला तसा लावला. जागा आता खाली मुलांच्या घसरगुंडीशेजारी, तिथे माती आहे, फक्त एक हॅलोजन डोळ्यात येतो त्याला दुर्बिणीच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा लावला. वॉचमन काकांना दोनदा गुरू दाखवला, आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगतात.

काल हवा धुरकट होती, वारा नाही, साडेदहानंतर २ एक्स बार्लो आणि ९ मिलिसेकंद. फोटो जोडलाय. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यातून निळसर तंतू खाली लोंबलेले दिसतायत ना? आणि उजवीकडे गॅनिमिड, डावीकडे युरोपा, लहान-मोठे दिसतायत, मला तरी दिसतायत.

आता हाव सुटलीय. ऑक्टोबरात शनी काढायचा म्हणतोय, त्याला याच सेटपवर काय बदलावं लागेल?

पिक्सेल_मोजणी

तंतू खरे आहेत, अभिनंदन. वेव्हलेट अजून एक घर मागे घ्या, डावीकडच्या कडेला आत एक खोटी रेघ उमटलीय.

शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला, पाऊस माघारी फिरायच्या सुमाराला, म्हणजे खरा हंगाम ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर. २०२५ च्या मार्चात कडी अगदी कडेवर आली होती, आता हळूहळू परत उघडतायत. अडचण प्रकाशाची. शनी गुरूपेक्षा बराच मंद, एक्सपोजर २५-३० मिलिसेकंदांवर न्यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात विनाट्रॅकिंग तो चारएक दशांश आर्कसेकंद सरकतो, म्हणजे जे गुरूला माफ होतं ते इथे माफ नाही. टायटन ०.८ आर्कसेकंदाचा, तो तर रेघ होईल. तेव्हा आता खर्च करायचाच असेल तर कॅमेरा नको, डॉबखाली बसणारा इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म (पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट हळूहळू फिरणारा पाट) करा.

भावा_ढग_आले

प्लॅटफॉर्म केलाय मी प्लायवूडचा, स्टेपर मोटर घालून. नेटवरचे प्लॅन सगळे चाळीस-पन्नास अक्षांशाचे, आपल्या १७-१८ अंशांवर ध्रुव इतका खाली की पुढचे सेक्टर (ज्या कमानींवर पाट फिरतो त्या) लै उंच होतात, त्याचं गणित वेगळं बसवावं लागतंय. कागदावर काढलेलं ड्रॉइंग आहे, पण याच धाग्यात टाकलं तर हरवंल. वेगळा धागा काढा, तुमच्या डॉबच्या बेसची रुंदी आणि वजन लिवा, मापं टाकतो.